काट्याला चरबी दिसत नाही : एडिनबर्गच्या उंदरांचं प्रकरण

अंगापिंडानं मोठी जनावरं हवी असतील तर निवड कुठे करायची, भरल्या गव्हाणीवर की अर्ध्या पोटी? पैदाशीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. मला त्याचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर गाईंच्या किंवा शेळ्यांच्या नोंदींत नाही, उंदरांच्या नोंदींत सापडलं. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला डग्लस फाल्कनर यांनी केलेले हे दोन प्रयोग. एक १९५२ साली प्रसिद्ध झाला, दुसरा १९६० साली. पशुप्रजनन शिकवायला लागल्यापासून हे प्रकरण मी दर वर्षी फळ्यावर मांडत आलो आहे आणि दर वर्षी वर्गातल्या बऱ्याच मुलांचा अंदाज चुकतो. त्यात त्यांचा दोष नाही. केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांच्यासारख्या मोठ्या पशुशास्त्रज्ञाचं मतही त्याच बाजूचं होतं.

आधी काय ठाऊक होतं

निवडीनं उंदीर मोठा होतो, याबद्दल १९५० च्या सुमाराला कुणाला शंका उरली नव्हती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला गुडेल यांनी १९३० च्या दशकात ६० दिवसांच्या वजनावर पांढरे उंदीर निवडत नेले आणि वजन पिढ्यानपिढ्या चढत गेलं. टोरोंटोला मॅकआर्थर यांनी एकाच मूळ कळपातून दोन वाटा काढल्या. एका वाटेवर दर पिढीतले मोठे ठेवायचे, दुसऱ्या वाटेवर लहान. विसेक पिढ्यांनंतर मोठ्या वंशातला उंदीर लहान वंशातल्या उंदराच्या सुमारे तिप्पट भरत होता. यामागे कुठलं एक चमत्कारी जनुक नव्हतं. बारीक बारीक परिणाम करणारी पुष्कळ जनुकं थोडी थोडी करून एका बाजूला गोळा होत गेली.

वाद होता तो परिस्थितीचा. हॅमंड यांनी १९४७ साली मांडलं की जो गुण वाढवायचा तो ज्या वातावरणात पुरता खुलतो, त्याच वातावरणात निवड करावी. त्यामागचा विचार असा : उपाशी कळपात सगळीच जनावरं खुरटलेली, मग कुणाच्या रक्तात वाढ आहे ते दिसणार कसं? आधी पोटभर खाऊ घाला, वाढणारी आपोआप पुढे येतील. त्यांची पैदास करा आणि त्यांची पोरं हवी तिथे पाठवा. ऐकताक्षणी पटावं असंच हे आहे. सरकारी प्रक्षेत्रावर भरपूर खुराक घालून वळू निवडायचे आणि त्यांचं वीर्य दुष्काळी तालुक्यात वाटायचं, हा सगळा मार्ग याच विचारावर उभा आहे.

फाल्कनर यांनी या वादाला हिशेबात बसवलं. पोटभर आहारावरची वाढ आणि तुटपुंज्या आहारावरची वाढ हे एक लक्षण समजू नका, ही दोन वेगळी लक्षणं धरा, असं त्यांनी १९५२ साली सुचवलं. गाईचं दूध आणि त्या दुधातलं फॅट ही जशी दोन लक्षणं, तशीच. एकदा दोन लक्षणं धरली की त्यांच्यातला आनुवंशिक सहसंबंध, म्हणजे दोन्हींमागे तीच जनुकं कितपत आहेत ते, मोजता येतो. तो १ या आकड्याच्या जवळ निघाला तर निवड कुठेही करा, फरक पडत नाही. तो कमी निघाला तर एका ठिकाणची कमाई दुसऱ्या ठिकाणी पुरती वटत नाही. आज जगभर दुधाळ जनावरांच्या पैदाशीत परिस्थिती आणि आनुवंशिकता यांचा मेळ मोजताना हीच युक्ती वापरतात. कल्पना इतकी साधी आहे की ती कुणाला तरी पहिल्यांदा सुचावी लागली होती, हेच आपण विसरून जातो.

प्रयोग

उंदराची मादी १९-२० दिवस गाभण राहते. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून तोडतात आणि सहा-सात आठवड्यांत ती वयात येतात. गाईची एक पिढी पुढे सरकेपर्यंत उंदराच्या विसेक पिढ्या होऊन जातात. म्हणून मोठ्या जनावरांचे प्रश्न आधी उंदरांना विचारायचे, ही त्या काळच्या एडिनबर्गची रीत होती.

पहिल्या प्रयोगात दोन वंश होते. एका वंशाला हवं तितकं खाद्य, दुसऱ्याला मोजून कमी. दोन्हीकडे सहा आठवड्यांच्या वजनावर मोठे उंदीर निवडले. दोन्ही वंश आपापल्या आहारावर सुधारले. मग अदलाबदल केली. कमी आहारावर निवडलेले उंदीर पोटभर आहारावर ठेवले, तर ते तिथेच निवडलेल्या वंशाच्या बरोबरीनं वाढले. पोटभर आहारावर निवडलेले उंदीर कमी आहारावर आणले, तर त्यांची सुधारणा तिथे दिसेनाशी झाली. इतक्या पिढ्यांची निवड, आणि खाद्य कमी होताच हातात काही नाही.

हे हॅमंड यांच्या मताच्या नेमकं उलट होतं, आणि एका लहान प्रयोगावर एवढा मोठा निष्कर्ष टांगणं फाल्कनर यांना पटलं नसावं. त्यांनी प्रयोग पुन्हा, जास्त मोठा मांडला. या वेळी लक्षण घेतलं ते तीन ते सहा आठवड्यांमधली वाढ, म्हणजे उंदराच्या वाढीच्या आलेखातला सगळ्यांत उभा चढ. निवड दोन्ही दिशांना केली, मोठ्याकडे आणि लहानाकडे, आणि ती १३ पिढ्या चालवली. तुटपुंजा आहारही वेगळ्या तऱ्हेनं केला. खाद्य मोजून न देता त्यात निम्मा भाग न पचणारा तंतू मिसळला. उंदराला हवं तितकं खायची मोकळीक, पण दर घासात पोषण निम्मं. त्यानं वाढ सुमारे २० टक्क्यांनी घटली. निम्म्या पोषणानं वाढ निम्मी होत नाही, कारण उंदीर जास्त खाऊन बरीचशी तूट भरून काढतो.

निकाल पुन्हा त्याच बाजूला गेला. तुटपुंज्या आहारावर मोठेपणासाठी निवडलेला वंश दोन्ही आहारांवर चांगला निघाला. पोटभर आहारावर निवडलेला वंश पोटभर आहारावर चांगला आणि तुटपुंज्यावर मागे. सुरुवातीच्या पिढ्यांत हा फरक फारसा नव्हता. निवड जसजशी पुढे गेली तसतशी दोन्ही वाटांमधली फारकत वाढत गेली. थोड्या पिढ्यांवर भरवसा ठेवणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आणखी दोन गोष्टी दिसल्या, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्यांतच आहे. तुटपुंज्या आहारावर निवडलेल्या मोठ्या उंदरांच्या अंगात चरबी कमी आणि प्रथिनं जास्त होती. त्यांच्या माद्या आई म्हणूनही सरस निघाल्या.

वजन कशाचं भरलं?

नर उंदराचं पोट खालच्या बाजूनं उघडलं की दोन्ही वृषणांना लागून साईसारख्या पांढऱ्या चरबीच्या दोन चपट्या गाद्या दिसतात. चिमट्यानं त्या अलगद सुटतात आणि काट्यावर ठेवता येतात. लठ्ठ उंदरात त्या जाड, भरीव असतात आणि आतड्यांवर पसरलेल्या दिसतात. कृश उंदरात त्यांची जागा अर्धपारदर्शक पातळ पदरांनी घेतलेली असते. बाहेरून दोन्ही उंदीर सारखेच दिसू शकतात, वजनही सारखंच भरू शकतं.

सगळ्या शरीराचा हिशेब हवा असेल तर काम वाढतं. अख्खा उंदीर भट्टीत वजन थांबेपर्यंत वाळवायचा, गेलं ते पाणी. वाळलेला दळून सॉक्सलेट उपकरणात ईथरनं धुवायचा, निघाली ती चरबी. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणलं की प्रथिनं. जाळून उरते ती राख. विद्यार्थी असताना पहिल्यांदा सॉक्सलेटपुढे बसलो ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. ईथर थेंबाथेंबानं पुडीवर पडतं, नळी भरली की एकदम सळकन खाली उतरतं, पुन्हा थेंब सुरू होतात, तासन् तास. शेवटी ईथर उडून जातं आणि चंबूच्या तळाशी पिवळसर तेलकट थर राहतो. त्या थराचं वजन ऐकेपर्यंत आपण ज्याला मोठा उंदीर म्हणत होतो तो कशानं मोठा होता, हे कळत नाही.

आता खाद्याचा हिशेब करून पाहू. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९.४ किलोकॅलरी ऊर्जा साठते. एक ग्रॅम मांसात मात्र पाणीच तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं आणि प्रथिनं पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त, म्हणजे त्यात साठलेली ऊर्जा साधारण सव्वा किलोकॅलरी. प्रथिनं बांधायला वरखर्च अधिक लागतो हे खरं. तो धरूनही जेवढ्या खाद्यात एक ग्रॅम चरबी अंगावर चढते, तेवढ्यात मांस कितीतरी ग्रॅम चढतं.

हा हिशेब दोन पिंजऱ्यांत नेऊन ठेवा. तुटपुंज्या आहारावर खाद्य ही अडचण आहे. मिळालेलं खाद्य ज्या उंदरानं चरबीत घातलं त्याचं वजन थोडं वाढलं, ज्यानं मांसात आणि हाडांत घातलं त्याचं पुष्कळ वाढलं. काटा फक्त ग्रॅम वाचतो, पण या पिंजऱ्यात जास्त ग्रॅम भरणारा उंदीर बहुधा मांसाचाच असणार. निवड करणाऱ्यानं चरबीकडे ढुंकूनही न पाहता चरबी कमी होत जाते. पोटभर आहारावर खाद्याची अडचण नाही, तिथे फरक पडतो भुकेचा. जो जास्त खातो तो जास्त वाढतो, आणि मांसाची वाढ आपल्या वेगानं चालू असताना उरलेलं सगळं चरबीत जातं. इथे काटा ज्याला पहिला नंबर देतो तो बहुतेक वेळा पिंजऱ्यातला सगळ्यांत खादाड उंदीर असतो. त्याला तुटपुंज्या आहारावर नेलं की त्याची भूक कामाची राहत नाही, कारण पोटात जाईल त्याला मर्यादा आहे. पहिल्या प्रयोगात कमावलेली सुधारणा अदलाबदलीनंतर का हरवली, याचा उलगडा मला तरी या वाटेनं होतो. शरीरघटनेचे आकडेही त्याच्याशी जुळतात.

मोठ्या वंशांचा चरबीकडे असलेला कल इतरांनीही नोंदवला. १९५८ साली रूथ फाउलर यांनी मोठ्या आणि लहान वंशांतल्या उंदरांची वाढ आणि शरीरघटना शेजारी शेजारी ठेवून तपासली. (टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्रासाठी नोबेल मिळवणारे रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या त्या पत्नी, आणि अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या नात. पुढे दोघा पतिपत्नींनी मिळून याच मोठ्या-लहान वंशांच्या प्रजननक्षमतेवर १९६० साली लिहिलं.) वजनाचा एक आकडा बाजूला ठेवून वाढीच्या वाटेवर ठिकठिकाणी शरीर उघडून पाहणं, हे त्या कामाचं मोल. कारण चरबी साठण्याला वेळापत्रक असतं. पिल्लाच्या वाढीत आधी हाडं, मग स्नायू पुढे असतात आणि चरबी मागून येते. म्हणून निवडीचं वय बदललं की निवडीचा अर्थ बदलतो. हेज आणि मॅकार्थी यांनी १९७६ मध्ये पाच आठवड्यांच्या आणि दहा आठवड्यांच्या वजनावर वेगवेगळी निवड करून हेच दाखवलं : कोणत्या वयाला काट्यावर ठेवता यावर पुढच्या पिढ्यांत चरबी कधी आणि किती साठणार हे ठरतं.

आठानं गुणा

एडिनबर्गनंच पुढे यावर थेट उपाय केला. शार्प, हिल आणि रॉबर्टसन यांचा १९८४ चा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात काट्याला न दिसणारी गोष्ट काट्याकडूनच वदवून घेतली आहे. दहा आठवड्यांच्या नराचं वजन घ्यायचं आणि त्यातून वृषणाजवळच्या चरबीच्या गादीच्या वजनाची आठपट वजा करायची. गादी ही अंगातल्या एकूण चरबीचा एक लहान हिस्सा, म्हणून आठानं गुणायचं. उरलं ते चरबीविरहित वजन, आणि निवड त्यावर. दुसऱ्या वंशांत निवड केली ती गादीच्या वजनाच्या शरीराच्या वजनाशी असलेल्या प्रमाणावर. तिसऱ्यांत भुकेवर, म्हणजे चार ते सहा आठवड्यांत खाल्लेल्या खाद्यावर. प्रत्येक प्रकारात वाढता, घटता आणि नियंत्रण (म्हणजे तुलनेसाठी निवड न करता ठेवलेला) असे वंश, आणि त्या सगळ्यांच्या तीन तीन प्रती. १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत ज्या गोष्टी एका वजनात गुंतल्या होत्या, त्या इथे सोडवून वेगळ्या केल्या.

त्यांतले लठ्ठ आणि कृश वंश पुढे साठेक पिढ्या चालवले गेले. तोवर चौदा आठवड्यांच्या लठ्ठ वंशातल्या उंदराच्या अंगात सुमारे २३ टक्के चरबी आणि कृश वंशातल्या उंदराच्या अंगात जेमतेम ४ टक्के, इतकं अंतर पडलं. २०१६ साली याच कृश उंदरांतून चरबीच्या पेशींमध्ये काम करणारं टीएसटी हे जनुक पुढे आलं. उंदरांच्या चरबीच्या पेशींत ते जास्त कार्यरत केलं तर चरबट आहारानं येणारा लठ्ठपणा आणि मधुमेह यांपासून त्यांना संरक्षण मिळतं असं दिसलं. चरबीची एक गादी तोलून सुरू झालेलं काम मधुमेहाच्या संशोधनापर्यंत पोहोचलं, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

सगळ्याच वंशांत मोठेपणा पुष्कळ जनुकांच्या मेळानं येतो असं मात्र नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसला ब्रॅडफर्ड यांच्या निवडलेल्या वंशात एका पिढीत अचानक फार वेगानं वाढणारे उंदीर निघाले. पुढे कळलं की त्यांच्या दहाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळला आहे आणि त्याबरोबर वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारं सॉक्स-२ (SOCS2) हे जनुकही गेलं आहे. आवर सुटला तशी वाढ सुटली. हे उंदीर मोठे झाले ते प्रमाणात, लठ्ठ न होता. भुकेच्या वाटेनं आलेला मोठेपणा आणि संप्रेरकाच्या वाटेनं आलेला मोठेपणा काट्यावर सारखाच भरतो, शरीरात मात्र वेगळा असतो.

आपल्या गव्हाणीकडे

दख्खनी मेंढीचा कळप वर्षातले कितीतरी महिने वाळल्या गवतावर आणि पिकांच्या धसकटांवर जगतो. तिच्यात वाढीसाठी नर निवडायचा असेल तर तो प्रक्षेत्रावर रोज खुराक खाणाऱ्यांतून निवडावा की धनगराच्या चालत्या कळपातून? फाल्कनर यांचे उंदीर धनगराच्या बाजूनं साक्ष देतात. व्यवहार मात्र अवघड आहे. चालत्या कळपात वजनं वेळेवर घेणं, बाप कोण ते नोंदवणं, विकलेल्या कोकराचा माग ठेवणं हे सगळं कष्टाचं. शेळ्यांच्या बाबतीत शेतकऱ्यांच्या दारातच नोंदी ठेवून निवड करायचे कार्यक्रम आपल्याकडे चालू आहेत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे संगमनेरी शेळीसाठी असं काम आहे. त्या नोंदवह्या भरणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. उन्हात स्प्रिंगकाट्याला टांगलेलं करडू हलायचं थांबेपर्यंत वाट पाहणं, हे उंदराला प्रयोगशाळेत तोलण्यापेक्षा खूप कठीण काम आहे.

उंदरांची साक्ष आंधळेपणानं घेऊ नये, हेही खरं. तुटपुंज्या आहारावर निवड करताना परिस्थिती इतकी वाईट झाली की जनावरं वाढायचीच थांबली, तर हॅमंड यांची भीती रास्त ठरेल, निवडायला फरकच उरणार नाही. फाल्कनर यांच्या तंतूमिश्रित खाद्यानं वाढ पाचव्या हिश्शानं घटली होती, खुंटली नव्हती. उपासमार आणि ओढाताण यांतलं हे अंतर आपल्याकडे धोरणं लिहिताना विसरलं जातं.

फाल्कनर स्वतः या प्रश्नाकडे आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा वळले. मधल्या काळात, १९७३ साली, जिंक्स आणि कॉनली यांनी लाकडावर वाढणाऱ्या एका बुरशीत निवड करून एक नियम सुचवला होता. परिस्थिती ज्या दिशेला ढकलते तिच्या उलट दिशेनं निवड केली, म्हणजे वाईट परिस्थितीत वाढीसाठी किंवा चांगल्या परिस्थितीत घटीसाठी, तर पुढची पिढी परिस्थितीच्या चढउतारानं कमी हलते. त्याच दिशेनं निवड केली तर ती जास्त हलते. पोटभर आहारावर मोठे निवडलेले उंदीर खाद्य कमी होताच का ढासळले, ते या नियमात नेमकं बसतं. १९९० साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, फाल्कनर यांनी निरनिराळ्या प्राणी-वनस्पतींवर झालेले असे प्रयोग एकत्र करून हा नियम पडताळला. परिस्थितीला हलण्याबाबत तो बहुतेक ठिकाणी टिकला. आणि दोन्ही परिस्थितींतली सरासरी कामगिरी पाहिली तर वाढीसाठी वाईट परिस्थितीत केलेली निवड बहुतेक वेळा सरस ठरली, जशी ती ३८ वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या उंदरांत ठरली होती.